कासारवडवलीचं पाणी आणि भाचीची वेणी

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी भाचीचा फोन आला. "मावशी, केस नुसते हातात येतायत. तू एवढी वर्षं पाणी तपासलंस, जरा आमचं पाणी बघ ना." मागून तिच्या सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "पाण्याला काही झालेलं नाही. डाळ बघा कशी लोण्यासारखी शिजते!"

दोघींचंही म्हणणं खरं होतं. फक्त दोघी वेगवेगळ्या पाण्याबद्दल बोलत होत्या, आणि ते कळायला मला तिच्या घरी जाऊन बादलीत हात घालावा लागला.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली. केसांतलं मला जे कळतं ते ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर पार्लर चालवणाऱ्या वहिनींमुळे. घोडबंदर रोडवरून, उलव्यातून, खारघरमधून हीच तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की एक प्रकरण तरी सुरुवातीपासून नीट मांडावं असं वाटलं. भाचीची परवानगी आहे. तिच्या इमारतीचं नाव मुद्दाम घालत नाही.

आधीचं सगळं

भाची तेहतीस वर्षांची, बँकेत नोकरी. जन्म, शाळा, कॉलेज, लग्नानंतरची पहिली काही वर्षं, सगळं नौपाड्यात. केस कमरेच्या खाली, काळेभोर, जाड. गेल्या ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला, पाच दिवस रुग्णालयात होती. दसऱ्याला ते घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे नव्या टॉवरमध्ये राहायला गेले. नोव्हेंबरात केसांचे पुंजकेच्या पुंजके यायला लागले. शेजारणींनी सांगितलं, "इथलं पाणीच तसं आहे, सगळ्यांचेच गळतात." तिला ते पटलं, कारण घर बदललं आणि केस गेले, हिशोब सरळ दिसत होता.

डिसेंबरात भावाचं लग्न होतं, म्हणून तिने हायलाइट्स करून घेतले. म्हणजे आधी ब्लीच, मग रंग. त्याच सुमारास "शाम्पूतली केमिकलं नकोत" म्हणून तिने शाम्पू बंद केला आणि घरगुती बनवलेली, खोबरेल, एरंडेल, जास्वंद आणि शिकेकाई घातलेली केसांची वडी वापरायला लागली. जानेवारीत शॉवरला लावायचा फिल्टर आला. शिवाय कांद्याचं तेल, बायोटिनच्या गोळ्या. फेब्रुवारीपर्यंत अवस्था अशी की केस धुतल्यावर मेणचट लागायचे, वाळले की काथ्यासारखे, भांगाजवळ पांढरी पूड, आणि कंगवा अर्ध्यात अडकायचा.

हा क्रम लक्षात ठेवा: ताप, घर, ब्लीच, वडी. तिने स्वतः सांगताना फक्त घर सांगितलं होतं. बाकीच्या तिन्ही गोष्टी मी चहा पिताना एकेक करून काढून घेतल्या.

बाथरूम आणि स्वयंपाकघर

मार्चच्या पहिल्या रविवारी मी गेले. बाथरूममध्ये शिरल्या शिरल्या प्लास्टिकच्या मगाकडे लक्ष गेलं. निळा मग, पण आतल्या बाजूला जिथपर्यंत पाणी राहतं तिथपर्यंत पांढरट, खरखरीत पापुद्रा. नखाने खरवडला तर पूड निघाली. त्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येत होती. तो कॅल्शियम कार्बोनेट. शॉवरच्या भोकांपैकी निम्मी बंद, नळाच्या तोंडाशी दगडासारखा कंगोरा.

मग स्वयंपाकघरात गेले. तिथला स्टीलचा नळ आरशासारखा. पाण्याचं भांडं स्वच्छ. कुकरच्या तळाशी काही नाही. जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात, तूरडाळ शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा फुटत नाही. इथे डाळ शिजत होती, म्हणून सासूबाई पाण्याला बोल लावू देत नव्हत्या. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पण ते एका नळाचं होतं.

खाली जाऊन पंप बघणाऱ्या दादांना विचारलं. त्यांनी पाच मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं. गच्चीवर टाक्या दोन. एक स्वयंपाकघरांची, त्यात फक्त पालिकेचं पाणी. दुसरी बाथरूमची. पालिकेचं पाणी पहाटे येतं, पहिली टाकी भरून उरलं तर दुसरीत सोडतात. नऊ-दहाला ते संपलं की बोअर चालू. बोअर कमी पडली की टँकर. म्हणजे एकाच घरात, एकाच दिवसात, तीन वेगळी पाणी.

ठाण्याला पाणी महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाकडून, एमआयडीसीकडून आणि थोडं मुंबई महापालिकेकडून मिळतं. ते भातसा आणि उल्हास या नद्यांचं, सह्याद्रीच्या पावसाचं पाणी. खडकाशी त्याचा सहवास कमी, म्हणून ते मऊ असतं. बोअरचं पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांमध्ये मुरून, मुक्काम करून आलेलं, वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन. खाडीच्या बाजूची बोअर असेल तर वर मचूळपणाही. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे, ज्याला फेस येत नाही ते. किती नेमका शब्द आहे! आपण तो विसरलो आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणायला लागलो.

त्या टीडीएसबद्दल आधी सांगून टाकते. शॉवरचा फिल्टर बसवायला आलेल्या माणसाने पेनासारखं मीटर बुडवून ६२० आकडा दाखवला होता आणि म्हणाला होता, बघा किती जड पाणी. फिल्टर लावल्यावर परत मोजलं नव्हतं. मी मोजलं, ६१७. त्यात नवल काही नाही. तसले फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करतात, विरघळलेलं कॅल्शियम त्यातून सरळ पुढे जातं. आणि मुळात ते मीटर क्षार मोजतं, जडपणा मोजत नाही. मिठाच्या पाण्याचाही टीडीएस भरपूर येतो, पण त्यातला जडपणा शून्य असू शकतो.

बाटल्या

मी चार बाटल्या घेतल्या. स्वयंपाकघराचा नळ, बाथरूमचा नळ सकाळी साडेसहाला, तोच नळ रात्री दहाला, आणि थेट बोअरचं पाणी. सकाळची आणि रात्रीची भाचीने भरून ठेवली, वर वेळ लिहून. पाचवी माझ्या नौपाड्याच्या घरची.

बारावीच्या मुलांना प्रॅक्टिकल शिकवायला घरी ब्युरेट, म्हणजे द्रव थेंब थेंब मोजून सोडायची काचेची नळी, ठेवलेलं आहे, त्यामुळे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावरच झालं. पन्नास मिलिलिटर पाणी, अमोनियाचं बफर (त्याचा वास दिवसभर जात नाही), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंग बदलून दाखवणारं द्रव्य. पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. मग वरून थेंब थेंब ईडीटीए. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियमला एकेक करून मिठीत घेतं आणि शेवटचा कण पकडला गेला की लाल रंगातली जांभळी छटा मावळून पाणी स्वच्छ निळं होतं. भाची बाजूला उभी होती. माझ्या घरच्या पाण्याला दोन-अडीच मिलिलिटरमध्ये निळं आलं. रात्रीच्या बाटलीला मी सोडतच राहिले, सोडतच राहिले, बावीसपर्यंत. "मावशी, हे सगळं माझ्या केसांत?" असं ती म्हणाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

आकडे असे आले, लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने: माझं घर ४६, तिचं स्वयंपाकघर ५४, बाथरूम सकाळी १६०, बाथरूम रात्री ४४०, बोअर ५२०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे रात्रीचं पाणीही कागदावर 'चालेल' असंच. ते मानक पिण्यासाठी आहे, त्यात केसांचा विचार कोणी केलेला नाही आणि करायची अपेक्षाही नाही.

भाची केस कधी धुवायची? बुधवारी बँकेतून आल्यावर रात्री, आणि रविवारी आरामात अकराला. दोन्ही वेळा बोअरच्या.

काळ्या कागदावरचे केस

इथे थांबले असते तर शेजारणींचं म्हणणं सिद्ध झालं असं समजून मी घरी आले असते. पण पार्लरच्या वहिनी म्हणाल्या, "पाणी बघितलंत, आता केस बघा. गळलेत का तुटलेत ते आधी ठरवा."

भाचीला सांगितलं, पुढच्या धुण्यानंतर कंगव्यात, फरशीवर, टॉवेलवर जे येतील ते सगळे कागदाच्या पुडीत ठेव. काळ्या चित्रकलेच्या कागदावर एकेक केस सरळ लावत गेलो, भिंगाखाली. केस मुळापासून सुटला असेल तर एका टोकाला पांढरा ठिपका असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक. तुटलेल्या केसाला तो नसतो, दोन्ही टोकं नुसती कापल्यासारखी किंवा झाडूसारखी पिंजारलेली.

एकूण केस ७२. ठिपका असलेले १५. उरलेले ५७ तुटलेले, बहुतेक बोटभर ते वीतभर लांबीचे. आणि त्या ५७ पैकी बरेचसे पिंगट, हायलाइट्सच्या बटांमधले.

रोज ५० ते १०० केस गळणं हे कोणाच्याही डोक्याचं नेहमीचं काम आहे. तिचे १५ म्हणजे काहीच नाही. मग नोव्हेंबरात पुंजके कसले होते? त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे तिला पाठवलं. त्यांनी ऑगस्टमधला डेंग्यू ऐकला आणि लगेच सांगितलं की मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात. तापाच्या धक्क्याने पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि ती अवस्था संपली की एकदमच सुटतात. बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं, तिचं थांबलंही होतं. लोह आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक.

म्हणजे नोव्हेंबरातलं गळणं तापाचं. केसाचं मूळ त्वचेच्या आत, पाणी बाहेरून वाहून जातं, ते मुळापर्यंत पोचत नाही. घर बदललं नसतं तरी ते केस गेलेच असते. पण आळ पाण्यावर आला, आणि पाण्याच्या भीतीने तिने शाम्पू सोडून वडी धरली. खरं नुकसान तिथून सुरू झालं.

वडी

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही वडी. तिच्यावर जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. खोबरेल होतं, जास्वंद होतं. पण खोबरेल आणि कॉस्टिक सोडा मिळून जे होतं त्याला साबण म्हणतात, नाव काहीही द्या. आणि साबण जड पाण्यात गेला की कॅल्शियमशी जुळून न विरघळणारी राखाडी मळी होते. तीच बादलीच्या कडेला चिकटते, कपडे कडक करते. शाम्पूमधल्या सफाईद्रव्यांची अशी मळी होत नाही, फेस थोडा कमी येतो एवढंच.

हिशोब करून बघितला. ४४० जडपणाच्या एका लिटर पाण्यात, फेस यायच्या आधीच, दोन ते पावणेतीन ग्रॅम साबण नुसता मळी होण्यात जातो. एका बादलीत अर्धी वडी! फेस येत नाही म्हणून भाची आणखी घासायची, म्हणजे आणखी मळी. आणि ती धुऊन काढायला परत तेच पाणी.

तिच्या कंगव्याच्या दातांमधून टाचणीने मी ती मळी काढली. ओल्या मेणासारखी, बोटांत चोळली तर तुपकट पण पाण्याने न सुटणारी. परीक्षानळीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून कोमट केली. मळी विरघळली आणि वर तेलाचा पातळ तवंग आला. तवंग म्हणजे खोबरेलातली आम्लं, खाली राहिलेल्या पाण्यात कॅल्शियम. भांगाजवळची जी पूड तिला कोंडा वाटत होती, तिचंही तसंच झालं. कोंड्याचा शाम्पू तिने मागवून ठेवला होता, तो तसाच परत केला.

ब्लीचचं काय? केसाच्या पृष्ठभागावर मुळातच ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराचं कॅल्शियम त्याकडे ओढलं जातं. ब्लीचने केसातले गंधकाचे बंध तुटतात आणि तिथे ऋण भाराच्या आणखी जागा तयार होतात. रंगवलेला केस म्हणूनच जास्त कॅल्शियम उचलतो. पाणी आणि साबण अल्कधर्मी असेल तर आणखीनच. पिंगट बटाच का तुटत होत्या, त्याचं उत्तर इथे होतं. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक सहा वर्षांचं जुनं, शेकडो वेळा धुतलेलं. त्यावर ब्लीच बसलं, वर मळीचा लेप, आणि त्यातून जोर लावून कंगवा.

२०१३ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजीमध्ये आलेल्या एका अभ्यासात केस महिनाभर जड पाण्याने आणि ऊर्ध्वपातित पाण्याने वेगवेगळे हाताळून त्यांची ताकद आणि लवचिकता मोजली होती. लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. त्यांचं जड पाणी २१२च्या आसपासचं होतं. नंतर उलट निष्कर्षाचंही काम झालेलं आहे. मला दोन्ही वाचून हेच वाटतं की पाणी एकटं काय करतं हा प्रश्न अर्धा आहे. त्या पाण्याला डोक्यावर काय भेटतं, हे त्याच्याइतकंच मोठं.

सासूबाईंचा अंबाडा

याचा पुरावा त्याच घरात, हॉलमध्ये टीव्ही बघत बसलेला होता. विहीणबाई सदुसष्ट वर्षांच्या, तेच बाथरूम, तोच मग, तेच पाणी. केस पांढरे पण हाताला मऊ, मूठभर अंबाडा. विचारलं तर म्हणाल्या, "मी काही करत नाही हो." मग सांगत गेल्या. आदल्या रात्री खोबरेल. शिकेकाई आणि रिठा भिजवून उकळलेलं पाणी. ते पाणी स्वयंपाकघरात उकळतात, म्हणजे पालिकेचं. कधी रंग लावला नाही. कंगवा मोठ्या दातांचा, केस वाळल्यावरच. आणि धुणं पहाटे साडेपाचला, देवपूजेच्या आधी.

रिठा-शिकेकाईत सॅपोनिन हे नैसर्गिक सफाईद्रव्य असतं. त्याला फेस येतो पण कॅल्शियमबरोबर त्याची मळी होत नाही, आणि शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे विहिरीच्या जड पाण्यावर पिढ्यान् पिढ्या लांब केस वाढले ते याच जोरावर. वडीत शिकेकाईची पूड होतीच की, पण साबणात घातल्यावर शिकेकाई शिकेकाईचं काम करत नाही.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याबरोबर उठ." मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय त्यांनीच सांगितला.

काय केलं, आणि माझं काय चुकलं

वडी त्या दिवशीच बंद. ब्लीच-रंग वर्षभर नाही. केस धुवायचे ते बुधवारी रात्री नव्हे, तर शनिवार-रविवारी पहाटे, सकाळच्या पाण्याने, आणि शेवटचं धुणं स्वयंपाकघराच्या नळाच्या पाण्याने. एक बादली भरून बाथरूममध्ये न्यायची, शॉवर बंद, तांब्याने केसांवर सोडायचं. दहा-बारा लिटर पुरतात. अंगाला, पायाला बोअरचं पाणी चालतं. अख्ख्या आंघोळीचं पाणी मऊ करण्याची गरज नसते, गरज असते ती शेवटच्या एका बादलीची.

साचलेलं काढायला चिलेटिंग, म्हणजे कॅल्शियम पकडून नेणारा, शाम्पू, पंधरा दिवसांतून एकदाच. अशा शाम्पूच्या घटकांत टेट्रासोडियम ईडीटीए बऱ्यापैकी वर लिहिलेलं असतं. साध्या शाम्पूतही डायसोडियम ईडीटीए असतं, पण शेवटाकडे, चिमूटभर. ब्युरेटमधून मी जे सोडत होते तेच हे ईडीटीए, तीच मिठी. भाचीला हे सांगितल्यावर तिला आत्ताच बघितलेला निळा रंग आठवला आणि केमिकल या शब्दाची भीती जरा ओसरली. नंतर कंडिशनर, फक्त लांबीला. वहिनींनी खालचे चार इंच कापले. ते कापताना ती रडली, आणि मी तिला समजावलं नाही. सहा वर्षांचे केस होते ते.

चूक माझी झाली ती व्हिनेगरमध्ये. पहिल्या आठवड्यात मी तिला सांगितलं, शेवटी मगभर पाण्यात लहान चमचाभर व्हिनेगर घालून केसांवर ओत. कोणत्या पाण्यात ते सांगितलं नाही. तिने बाथरूमचं घेतलं, तेही रात्रीचं. दोन आठवडे काही फरक नाही. मग मी रात्रीच्या पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल गिळून टाकायची ताकद, मोजली, ३१० निघाली. अशा लिटरभर पाण्यातल्या बायकार्बोनेटलाच निवायला ५ टक्क्यांचं साडेसात मिलिलिटर व्हिनेगर लागतं. तिचा चमचा पाच मिलिलिटरचा. म्हणजे सगळं व्हिनेगर पाण्यातच संपत होतं, केसांना काही मिळत नव्हतं. कागदाच्या पट्टीवर सामू (पीएच) सहाच्या वर. तोच चमचा स्वयंपाकघराच्या लिटरभर पाण्यात घातला तर चारच्या जरा वर. पाण्यातच आयुष्य काढलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं, तिचे दोन आठवडे फुकट गेले. लिंबूही चालतं, पण असंच, मऊ पाण्यात भरपूर पातळ करून. नुसतं लिंबू टाळूवर चोळू नये, चरचरतं आणि केस आणखी रुक्ष होतात.

या दिवसांत तिला आणखी दोन सल्ले मिळाले होते, म्हणून लिहिते. तुरटीने पाणी निवळतं, गाळ बसतो, जडपणा जात नाही. आणि धुण्याच्या सोड्याने जडपणा जातो खरा, पण पाणी इतकं अल्कधर्मी होतं की ते कपड्यांपुरतंच ठेवावं.

सॉफ्टनरचा प्रश्न

भाचीचे यजमान म्हणाले, रोज बादली वाहण्यापेक्षा सॉफ्टनरच बसवू. त्याला माझा विरोध नाही, पण समजून घ्यावं. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करावे लागतात, मीठ घालायचं राहिलं की यंत्र नावालाच. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून मीटर बुडवून "फसवलं" म्हणणारेही भेटतात, तेव्हा सॉफ्टनर जडपणाच्या थेंबांच्या किटनेच तपासावा. ४४० चं पाणी त्यातून गेलं की लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणून ते पिऊ नये, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. आणि सोसायटीने एकत्र बसवायचा म्हटलं तर ते मिठाचं सांडपाणी कुठे सोडणार हे आधी ठरवावं. त्यांच्याकडे प्रक्रिया केलेलं सांडपाणी बागेला जातं, बाग मिठाने जळेल.

शेवटी त्यांनी फक्त बादलीच ठेवली. सोसायटीच्या बैठकीत मात्र भाचीने माझे पाच आकडे वाचून दाखवले. पहिल्यांदाच टीडीएस सोडून जडपणावर चर्चा झाली, असं सेक्रेटरींनी फोन करून सांगितलं. गच्चीचं पावसाचं पाणी बोअरजवळ मुरवायची व्यवस्था नकाशात आहे, पण पाइप कुठेतरी तुटलेला. तो जोडायचं ठरलं. ठाण्यात पाऊस अडीच मीटरच्या घरात पडतो, आणि त्याहून मऊ पाणी दुसरं नाही.

जुलै

मे महिन्यात केसांचा मेणचटपणा गेला. पुडीतले केस आम्ही दर महिन्याला मोजले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकूण २३ आले: १४ ठिपकेवाले, ९ तुटलेले. ठिपकेवाले मार्चइतकेच, म्हणजे मुळांचं जे चालायचं ते तसंच चालू आहे. कमी झाले ते तुटलेले. कपाळाशी आणि कानांमागे उभे राहणारे बोटभर नवे केस आलेत, तापात गेलेले ते परत येतायत. पिंगट बटा अजून कोरड्याच आहेत. त्या दुरुस्त होणार नाहीत, वाढून कापल्या जातील तेव्हाच जातील, अजून दोन-तीन वर्षं तरी. हे मी तिला स्पष्ट सांगितलं आहे.

पाइप जुलैपर्यंत जोडलेला नव्हता. तरी पाऊस सुरू झाल्यावर पालिकेचं पाणी वाढलं, बोअर कमी वेळ चालायला लागली, आणि रात्री दहाची बाटली २१० वर आली. पंपवाले दादा आता बोअर चालू केली की लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने वेळ लिहितात. मागच्या शनिवारी नऊ चाळीस लिहिलं होतं. त्याच्या आधी तीन मजल्यांवरच्या बायका केस धुऊन मोकळ्या झाल्या होत्या.